तोंड माझं, आवाजही माझाच

"किंचाळ," मालक म्हणाले.

"कशापायी?"

"कशापायी म्हणजे? समोर बघ. तोंड उघडंय तुझं."

उघडं होतं खरं. पडद्यावर मी कड्याच्या टोकाला उभी होते. पाठीमागं दरी, समोरून मिशीला पीळ देत येणारा काळा सरदार, माझ्या हातात गरगर फिरणारी गोफण, आणि तोंड चांगलं सताड उघडलेलं. आवाज तेवढा नव्हता. तो आता भरायचा होता आणि त्यासाठीच आम्ही कोल्हापूरहून मुंबईला येऊन, परळकडच्या एका रिकाम्या गोदामात, दारं-खिडक्या बंद करून घामानं निथळत बसलो होतो.

"मी किंचाळले नव्हते, मालक," मी म्हटलं.

"मग काय जांभई दिलीस?"

वाजवणारी मंडळी फिदीफिदी हसली. मी काय ते सांगायला तोंड उघडलं, पण मालक तोवर यंत्राकडं वळले होते. त्यांचा स्वभाव तसाच. दुसऱ्यानं बोलायला सुरुवात केली की यांना काहीतरी महत्त्वाचं आठवायचं.

मालक म्हणजे नानासाहेब रुईकर. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला बसले नाही मी. पागेतल्या मोतद्दाराची पोर, घोड्याला खरारा करणारी, शेणात पाय बरबटलेली. तिला पाहून "ही पडद्यावर घोडा पळवेल" असं म्हणणारा तो एकच माणूस निघाला. बाकीच्या कंपन्यांत बायका सिंहासनावर बसायच्या नाहीतर विहिरीत उडी टाकायच्या. नानासाहेबांनी मला घोडीवर बसवलं, हातात भाला दिला आणि हौसाची 'मिस विद्युल्लता' केली. नाव एवढं अवघड की आमच्या आईला ते शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. तसं तिला ते म्हणायचंही नव्हतं. तोंड रंगवून परक्या पुरुषांपुढं हिंडणारी पोर तिला पसंत नव्हती, आणि माझा एकही सिनेमा तिनं पाहिला नव्हता.

'कड्याची राणी' आम्ही पन्हाळ्याच्या बाजूला काढला तेव्हा बोलपटाचं नाव आम्ही नुसतं ऐकून होतो. पट तयार होऊन डब्यात गेला आणि इकडं बोलपट येऊन धडकले. लोक वेडे झाले. पडद्यावरचा माणूस खोकला तरी टाळ्या पडायच्या. आमच्या मुक्या राणीला कुणी थिएटर देईना. मुंबईचा वितरक म्हणाला, बोलत नसेल तर निदान वाजू दे. म्हणून ही खटपट. संवाद पडद्यावरच्या लेखी पाट्यांवरच राहणार, पण संगीत, टापा, तलवारी, गडगडाट हे सगळं तबकड्यांवर भरून घ्यायचं. थिएटरात यंत्र फिरलं की पटाबरोबर तबकडीही फिरणार आणि चित्र बघताबघता आवाज ऐकू येणार. माणसाचा आवाज म्हणून सबंध पटात एकच, माझी किंकाळी.

आणि तिची जाहिरात झालीसुद्धा होती. गुलाबी कागदावर, विजेचं चित्र काढून: 'ऐका! ऐका! मिस विद्युल्लता यांची काळजाचं पाणी करणारी किंकाळी! प्रत्यक्ष ऐका!' गठ्ठेच्या गठ्ठे कोल्हापुरात छापून तयार होते. ती किंकाळी भरून झाली की पुढं कंपनीचा पहिला बोलपट, आणि त्यात घोडीवर बसून बोलणारी नायिका मीच, हा शब्द नानासाहेबांनी मला चार माणसांत दिला होता. रोज रात्री अंथरुणावर पडून मी मनातल्या मनात संवाद म्हणायची. संवाद अजून लिहिलेले नव्हते, तरी म्हणायची.

"नानासाहेब," मी पुन्हा धरलं, "त्या दिवशी कड्यावर मी..."

"हौसा, वाद नको. तुला जमत नसेल तर इथं मुंबईत गाणाऱ्या बायका खंडीभर आहेत. एकीला बोलावतो. तोंड तुझं, आवाज तिचा. कुणाला कळतंय?"

हे मात्र माझ्या वर्मी लागलं. माझ्या तोंडात दुसऱ्या बाईनं घाबरायचं?

"नको," मी म्हटलं. "तोंड माझं हाय, आवाज बी माझाच लागंल."

"आता कशी शहाण्यासारखी बोललीस."

गुंडामास्तर तेवढे माझ्याकडं टक लावून बघत होते. हे आमचे वाद्यवृंदाचे प्रमुख. क्लॅरोनेट वाजवायचे आणि मधल्या मोकळ्या हातांनी टापाही. टापा म्हणजे नारळाच्या दोन करवंट्या. माझी हरणी घोडी जीव तोडून पन्हाळ्याच्या खडकांवरून धावली आणि तिची टाप म्हणून लोकांना नारळ ऐकावा लागला. ते गुंडामास्तर शूटिंगच्या दिवशीही कड्यावर होते. आता ते नुसतं क्लॅरोनेटचं तोंड पुसत राहिले.

रेकॉर्डिंगवाले जालभाई पारशी होते. नाकावर चष्मा, अंगात सदरा आणि तोंडात सतत काळजी. त्या वेळी आवाज मेणाच्या जाड तबकडीवर सुईनं कोरला जायचा. एकदा सुई टेकली की चित्राचं रीळ संपेपर्यंत कुणी शिंकायचं नाही, पाय घासायचा नाही. मधेच चूक झाली तर खोडता येत नसे, जोडता येत नसे. सगळं मेण वाया. वाजवून बघायचीही सोय नाही, कारण वाजवलं की मेण खराब. आमची किती मेणं वाया गेली ते विचारू नका. एकदा तबलजीला उचकी लागली. एकदा पत्र्याचा गडगडाट करणाऱ्याच्या हातून पत्राच निसटला. आणि बाकी सगळी कावळ्यांनी खाल्ली. गोदामाच्या छपरावर कावळ्यांची जत्रा भरायची. ऐन करुण प्रसंगात, राणीचा बाप मरत असताना, वरून "काव" यायचं आणि जालभाई डोकं धरून बसायचे.

"अरे, या मुंबईचे कावळे संगीतवाले झाले रे," ते म्हणायचे. रखवालदाराला काठी घेऊन छपरावर चढवला, तर काठीचा आवाज मेणात आला.

"हौसाक्का, तुमीच बगा की या कावळ्यांकडं," गुंडामास्तर हळूच म्हणाले.

"आत्ता न्हाई, मास्तर. गळा राखून ठेवलाय."

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांना कळलं होतं, असं मला तेव्हाच वाटलं.

शेवटच्या रिळासाठी एकच मेण उरलं. गोदामाचा ताबाही संध्याकाळी सोडायचा होता. जालभाईंनी मला मागं, दाराजवळ नेऊन उभं केलं.

"बाई, तू लई जोरात ओरडेल तर माझी सुई उडी मारेल हां. इथूनच ओरड. पहिले एकदा करून दाखवते काय?"

"गळा बसंल. एकदाच करते."

"बरोबर आहे," नानासाहेब म्हणाले. "भीती ताजीच पाहिजे."

दिवे मालवले. जालभाईंचा हात वर गेला, खाली आला. सुई टेकली. पडद्यावर मी दौडत आले, गुंडामास्तरांच्या करवंट्या दौडल्या, तबला धावला, पत्रा गडगडला. सगळं कसं झकास जमत चाललं होतं. हरणी कड्याशी येऊन थबकली. मी खाली उतरले. काळा सरदार दोन्ही हात पसरून पुढं येऊ लागला. संगीत बारीक होत होत थांबलं, कारण आता किंकाळीची जागा होती. नानासाहेब माझ्याकडं तोंड करून उभे राहिले, नाटकातल्या सूचकासारखा एक हात वर धरून. पडद्यावर माझी गोफण फिरली. तोंड उघडलं.

मी छाती भरून घेतली, पंजा तोंडाशी धरला आणि दिली.

"हाऽऽऽ हुर्रर्रर्र याऽऽऽ हाऽऽऽ!"

छपरावरचे सगळे कावळे एका दमात उडाले. त्यांच्या पंखांची फडफड पत्र्यावर वाजली आणि तीही मेणात गेली. तबलजीचा हात हवेतच राहिला. गुंडामास्तरांनी मात्र क्षणाचाही वेळ न लावता क्लॅरोनेटवर असा चढा सूर धरला की जणू तो लिहूनच ठेवला होता. पडद्यावर दगड सुटला, सरदार कोसळला, पत्रा गडगडला.

आणि नानासाहेब! त्यांचं तोंड उघडलं होतं, हात हवेत होते, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, पण आवाज काढायची सोय नव्हती. काढला असता तर शेवटचं मेण त्यांच्याच हातानं गेलं असतं. रीळ संपेपर्यंत त्यांनी नुसत्या डोळ्यांनी मला शिव्या दिल्या. माझा पट बोलला होता. मूकपट आता त्यांचा चालू होता. एवढी भीती पोटात असताना मला हसू कसं आलं कोण जाणे, पण ओठ चावून ते दाबावं लागलं.

सुई उचलली गेली आणि छप्पर कोसळलं म्हणा.

"हे काय केलंस? काय होतं ते?"

"हाळी, मालक. शाळू राखताना रानातल्या माळ्यावरनं देत्यात ती. त्या दिवशी कड्यावर हेच केलं हुतं मी. गोफण हातात आली की तोंडातनं हाळी जाती, मी काय करू? तुमी तर कॅमेऱ्यापाशीच हुतासा. ऐकली न्हाई व्हय?"

"मूकपटात आवाज कोण ऐकतो!" नानासाहेब ओरडले.

मला वाटतं, आपण काय बोललो ते त्यांनाही ऐकू आलं असावं. पण माघार घेतील तर ते नानासाहेब कसले.

"लोकांना पाखरं हाकणारी कुणबीण नको आहे, हौसा. लोकांना भ्यालेली राणी पाहिजे. एकटी बाई, पुढं असा राक्षस..."

"राक्षसाकडं बगा की मग." माझा आवाज चढला तो चढलाच. "आत्ता पडद्यावर बगितलंसा न्हवं? मी तोंड उघडल्यावर सरदार झालेला सर्जेराव पैलवान काय करतोय? मागं सरतोय! तुमी सांगितलं नव्हतं त्याला. दचकून सरला त्यो. किंकाळी ऐकून तसला माणूस मागं सरतो व्हय, मालक? किंकाळी ऐकली की त्यो पुढं येतो. त्याला तेच तर पाहिजे असतंय."

"गुंडामास्तर," नानासाहेबांनी तिकडं मान वळवली, "तुम्ही होता तिथं. किंचाळली होती का ही?"

गुंडामास्तरांनी क्लॅरोनेट मांडीवर ठेवलं. कंपनीच्या मीठ-भाकरीवरचा माणूस, घरात खाणारी तोंडं सात.

"हाळीच हुती, मालक," ते म्हणाले. "खालच्या वाडीतनं उत्तर बी आलं हुतं."

"जालभाई, दुसरं मेण लावा."

"मेण खलास, शेठ." जालभाईंनी चष्मा पुसला. "आणि खरं सांगू काय? लई झकास आलंय. कावळे पण बरोबर वेळेवर उडाले."

नानासाहेब खुर्चीवर बसले. मग अगदी शांतपणे, पगार वाटताना बोलावं तसं म्हणाले, "पट असाच जाईल. माझा नाइलाज आहे. पण बोलपटात तू नाहीस."

"बरं," मी म्हटलं.

बरं म्हटलं खरं, पण ते त्यांच्यापुढंच. बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. त्या मुंबईत मला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून मोकळेपणी रडले. त्या न लिहिलेल्या संवादांसाठी रडले. केल्याचा पस्तावा मात्र तेव्हाही झाला नाही आणि आजही नाही. त्या दिवशी कड्यावर मी भ्याले नव्हते. मग मेणात कायमची भ्यालेली का राहू?

पट कोल्हापुरात लागला त्या दिवशी मी आईला अक्षरशः ओढून नेलं. "एकदा ये. मग जन्मात म्हणणार न्हाई." ती लुगड्याचा पदर तोंडावर घेऊन, चोरी करायला निघाल्यासारखी, बायकांच्या बाकांवर येऊन बसली. आजूबाजूला सगळ्या गावोगावच्या बायका, अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या आणि जाताजाता सिनेमाला शिरलेल्या. हातात ती गुलाबी जाहिरात. वाचता येणारी एक वाचून दाखवत होती, बाकीच्या "अगं बया" म्हणत होत्या.

करवंट्या दौडल्या. कडा आला. सरदार पुढं निघाला.

"आता किंचाळती बग," पाठीमागची म्हणाली आणि तिनं कानांवर हात ठेवले.

"हाऽऽऽ हुर्रर्रर्र याऽऽऽ हाऽऽऽ!"

मी डोळे मिटून घेतले. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी खो खो हसलं, आणि मला वाटलं, संपलं.

इथं एक सांगायला पाहिजे. आमच्याकडं शाळू राखताना एका माळ्यावरनं हाळी आली की शेजारच्या माळ्यावरनं उत्तर द्यावंच लागतं. दिलं नाही तर हाकललेली पाखरं त्याच रानात उतरतात. म्हणून हाळीला हाळी जाते, तिला पलीकडची, आणि थवा पार गावाच्या हद्दीबाहेर जातो. हे कुणी शिकवत नाही. कणसात दाणा भरायला लागला की पोरगी माळ्यावर चढते आणि गळा आपोआप उत्तर देतो.

माझ्या शेजारी आई उभी राहिली. पदर खाली आला होता. पंजा तोंडाशी धरून, भर थिएटरात, पडद्यावरच्या माझ्याकडं बघत तिनं उत्तर दिलं. तिची हाळी माझ्यापेक्षा कितीतरी धारदार होती. मग पाठीमागची उठली. मग कोपऱ्यातली म्हातारी, मग अख्खी बाकं. काळा सरदार कधी पडला, पत्रा कधी वाजला, कुणाला ऐकूच आलं नाही. मारामारी झाली समजून ऑपरेटरनं दिवे लावले. दारात नानासाहेब उभे होते. त्यांनी एकवार सगळ्या बायकांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि हातातली काठी टेकत निघून गेले.

"तोंड रंगवलंस ते रंगवलंस," बाहेर आल्यावर आई म्हणाली, "पर हाळी बरी देतीस."

एवढंच म्हणाली. मला तेवढं जन्मभर पुरलं.

नानासाहेब शब्दाचे पक्के. बोलपटात दुसरी बाई आली, गोड गळ्याची. तिला घोडीवर बसता येत नव्हतं म्हणून घोडीच कथेतून काढली. मी सर्कशीत गेले, घोडी नाचवली, नाव कमावलं, गुडघे गेल्यावर कोल्हापूरला परत येऊन म्हशी बांधल्या. कंपनी बुडाली तेव्हा जुने पट भंगारात गेले. धुऊन त्यातली चांदी काढली आणि राहिलेल्या पट्ट्यांच्या म्हणे बांगड्या केल्या. कुणाच्या तरी हातात माझा कडा किणकिणला असेल. तबकड्यांचं काय झालं ते कुणालाच माहीत नाही.

हे सगळं आज पुन्हा वर आलं ते पुण्याच्या शुभदा बेडेकर नावाच्या बाई आल्या म्हणून. जुन्या सिनेमांवर पुस्तक लिहितात. चांगली हुशार, नम्र पोर. आल्याबरोबर वाकून नमस्कार केला. सोबत टेपरेकॉर्डर आणि प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला गुलाबी कागद.

"आजी, पट नाही, तबकड्या नाहीत, एवढी एक जाहिरात सापडली. मी प्रकरणाचं नाव ठेवलंय, 'हरवलेली किंकाळी'. पडद्यावर भीतीला मिळालेला पहिला आवाज, असं मांडतेय. तुम्ही ती एकदा... अगदी हळू केलीत तरी चालेल."

एवढी वर्षं गेली आणि पुन्हा तेच. किंचाळ.

मी तिला सगळं सांगितलं, जसं तुम्हाला सांगितलं तसं. तिनं मन लावून ऐकलं, पण कपाळावरची आठी गेली नाही.

"माझा विश्वास आहे हो. पण पुस्तकात पुरावा लागतो. आणि इथं तर स्पष्ट किंकाळी छापलंय."

"बाई, जाहिरात सिनेमा बगायच्या आधी छापत्यात," मी म्हटलं. "चला माझ्यासंगं. त्यो डबा बी घ्या."

मी काठी घेतली आणि परड्यात आले. मागच्या बाजूला मी हौसेनं दोन वाफे शाळू करते, म्हशींना कडबा होतो. कणसं भरली होती आणि पोपटांचा थवा त्यावर तुटून पडला होता. शुभदाबाईंनी बटण दाबलं. मी काठी कुंपणाला टेकवली, पंजा तोंडाशी धरला. गळा चिरकेल असं वाटलं होतं.

"हाऽऽऽ हुर्रर्रर्र याऽऽऽ हाऽऽऽ!"

थवा भुर्रकन उठला आणि घरांवरून पलीकडं वळला. तिकडं पारूबाईचं परडं आहे. पारूबाईला आता नीट दिसत नाही, आपण जेवलो की नाही तेही आठवत नाही. पण तिकडून, भिंतीपलीकडून, लख्ख हाळी आली. पोपट पुन्हा उठले आणि माळाकडं निघून गेले.

शुभदाबाई डबा छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "यांनी तुमचा सिनेमा पाहिला होता?"

"तिनं कुठलाच सिनेमा पायला न्हाई कधी," मी म्हटलं. "तिनं शाळू राखलाय."

त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून कागद काढला, वर 'हरवलेली किंकाळी' असं प्रकरणाचं नाव होतं; मग पेन काढलं आणि तशाच उभ्या राहिल्या. मी काठी उचलली आणि त्या नावावर टोक ठेवलं.

"खोडा ते."